राहतं घर

लंबूला पाठुंगळी घेऊन तिसरा मजला चढताना भावोजींच्या नाकी नऊ आले. मागून ताई चाकाची खुर्ची ओढत होती आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. "हळू. कठडा धरा. अहो, त्याचा पाय आपटतोय." लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घ्यायची हौस तिच्या या धाकट्या भावाचीच. तेव्हा तो धडधाकट सुतार होता, ताडमाड उंच, हा जिना म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. मग एकदा छपराचं काम करताना वाशावरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून तो दोन गल्ल्या पलीकडे ताईच्या तळमजल्यावरच्या घरात राहत होता. सरकारी अपंग भत्त्यावर त्याचं औषधपाणी चालायचं.

आणि आज भत्त्याच्या कार्यालयातली तपासनीस बाई घर बघायला येणार होती. नियम असा की माणूस स्वतः राहतो ते घर मालमत्तेत धरत नाहीत. बंद घर मात्र धरतात, आणि मालमत्ता मर्यादेबाहेर गेली की भत्ता बंद. मग घर विका, ते पैसे बसून खा, आणि हात रिकामे झाले की पुन्हा आमच्या दारात या. कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं, देव जाणे. ज्याला जिना चढता येत नाही म्हणून भत्ता द्यायचा, त्यानेच भत्त्यासाठी जिना चढून राहायचं.

ताईने कालच येऊन घर राहतं करून ठेवलं होतं. मोरीत ओला टॉवेल, ओट्यावर खरकटी कढई, उशीच्या अभ्र्यावर मुद्दाम तेलाचा डाग.

"नाटक कंपनीत जायला हवं होतंस तू," लंबू म्हणाला.

"गप्प बस. विचारेल तेवढंच बोल," ताईने दटावलं.

बाई आली. पन्नाशीची, दमलेली, जिन्याने धाप लागलेली. तिने मोरी पाहिली, कढई पाहिली, उशी हातात घेऊन पाहिली.

"खाली कसे उतरता?"

"उतरतच नाही. ताई रोज येते, सगळं करून जाते."

"रात्री एकटेच?"

"एकटाच."

ताईला वाटलं, जमलं बाई एकदाचं. तेवढ्यात बाईचं लक्ष दाराकडे गेलं.

"मग रात्री कडी कोण लावतं? जरा लावून दाखवता?"

दाराला आतून एकच कडी होती, आणि ती लंबूने हौसेने स्वतः बसवलेली, पार वरच्या कोपऱ्यात, आपल्या हाताच्या सोयीने. ताईला ती लावायला स्टूल लागायचं. त्यावरून तिने त्याला किती छळलं होतं, हे घर माणसांचं की उंटांचं म्हणून. टॉवेल सुचला, कढई सुचली, उशीचा डागसुद्धा सुचला, आणि कडीवर मात्र कुणाची नजर गेली नाही.

लंबूने खुर्ची जागची हलवली नाही.

"लावतच नाही मी," तो शांतपणे म्हणाला. "आग लागली, पडलो, काही झालं, तर कडी लावलेल्या दारातून मला कोण बाहेर काढणार? उघडंच असतं."

बाईने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"ठीक आहे. राहतं घर म्हणून लिहिते. पण आमच्याकडे पुन्हा तपासणी असते, न कळवता. दिवसा, रात्री, केव्हाही. दार उघडंच असतं म्हणताय, तेव्हा तुम्हाला उठायचा त्रास नको."

तिची पावलं खाली विरली तशी ताई मटकन खाटेवर बसली. भावोजींनी कपाळ पुसलं आणि लंबूसमोर पाठ करून वाकले. "चला, सुटलो. ये बाबा पाठीवर."

"राहू द्या, भावोजी."

"राहू द्या म्हणजे?"

"ती आज रात्रीसुद्धा येईल. मी सापडलो नाही तर भत्ता गेला, घर गेलं, वर फसवलं म्हणून ठपका. तुमच्यावरसुद्धा."

"अरे, पण तू पडलास बिडलास तर?" ताईचा आवाज चिरकला.

"हाक मारीन."

"कुणाला ऐकू जाणार आहे ती?"

ताई तडक उठली. पाण्याचे तांबे भरले, खाटेच्या उशाशी मांडले, गोळ्या, चादर, बादली, सगळं त्याच्या हाताशी सरकवलं. उद्या पहाटेच येते, असं तीनतीनदा बजावलं. आपल्या भावाला आपणच आपल्या हाताने कोंडतोय, असं तिला वाटत होतं, आणि रडू तर आवरतच नव्हतं. शेवटी भावोजींनी दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

ती दार ओढून घेऊ लागली.

"ताई, थोडी फट ठेव गं," लंबू आतून म्हणाला. "जिन्यात कुणी आलं-गेलं तर कळेल तरी."