घोटभर पाणी

“आधी पाणी पी. मग काय ते बोलू,” शिवपुत्रने पेला पुढे केला.

रत्नम्माने तोंड फिरवलं. ती भिंतीला टेकून, सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन बसली होती. परातीत कणीक कोरडीच पडली होती. गॅस पेटलेला नव्हता आणि खोलीत बाहेरच्याइतकीच थंडी होती.

“कसं पिऊ?” ती म्हणाली. “गळ्यात न्हाय की.”

“काय न्हाय?”

तिने चादर बाजूला करून छातीवर हात ठेवला. तिथे पांढऱ्या कापडात बांधलेलं तिचं लिंग असायचं. आता नुसता तुटका दोरा लोंबत होता. शिवपुत्रचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला. त्याचं जागेवर होतं. त्याला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

दोघंही लिंगायत. तान्ही असताना मठाच्या स्वामींनी गळ्यात बांधलेलं ते लिंग. कळायला लागल्यापासून रत्नम्मा रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायची, भस्म लावायची, एकटक बघत बसायची आणि मगच तोंडात पाणी घालायची. अंगावर लिंग नसेल तर थेंबसुद्धा घशाखाली उतरवायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. सासरची तर त्याहून कडक.

हे सगळं सोलापुरात घडलं असतं तर निम्मी गल्ली शोधायला धावली असती आणि उरलेली निम्मी स्वामींना आणायला. पण ही दोघं होती जपानात, इमाबारी नावाच्या समुद्राकाठच्या गावात. हे टॉवेलचं गाव. शिवपुत्र सोलापूरच्या एका गिरणीत फिटर. गिरणीने जपानी माग घेतले आणि ते शिकायला त्याला वर्षभरासाठी इकडे धाडलं. पठ्ठ्या मासळीला शिवेना. दोन-तीन महिन्यांत तो इतका वाळला की कारखान्यातले लोक घाबरले. पाहुणा आपल्याच दारात मरायचा, या भीतीने त्यांनी सोलापूरला तार केली आणि गिरणीने बायकोला विमानात बसवून दिलं. नवऱ्याला चपात्या लाटून घालायला बायको परदेशी गेली, हे गल्लीत कितीतरी दिवस चवीने सांगितलं जात होतं.

रत्नम्मा आली, चपात्या सुरू झाल्या, नवरा माणसात आला आणि ऑगस्टात तिला दिवस गेले. आता पाचवा महिना होता.

“कधी तुटलं?” शिवपुत्रने विचारलं.

“काय म्हाईत. सकाळी तोमेअव्वासंगं साफसफाई केली. मग आंघूळ केली, पूजेला बसले, तर न्हाय.”

तोमेअव्वा म्हणजे घरमालकीण तोमे-सान. शेजारच्याच घरात एकटी राहायची. रत्नम्माने तिला दुसऱ्याच दिवशी अव्वा, म्हणजे आई, करून टाकलं होतं. डिसेंबर संपत आला की जपानी माणसं घर असं काही झाडतात की आपल्या दिवाळीने मान खाली घालावी. सकाळी म्हातारी डोक्याला फडकं बांधून आली होती. जमिनीवरच्या गवताच्या जाडजूड चटया दोघींनी उचलून अंगणात नेल्या, काठीने झोडपल्या, खालचा वर्षाचा केर काढला. शेवटी म्हातारीने सगळा केरकचरा अंगणात गोळा करून पेटवून दिला.

“माज्या डोळ्यांदेखत पेटवला वो,” रत्नम्माचा आवाज फाटला. “लई थंडी हुती म्हनून मी बी हुबी ऱ्हायले. माजं लिंग जळत हुतं आनि मी हात शेकत हुते!”

शिवपुत्र अंगणात गेला. अंधार पडेपर्यंत त्याने हातांनी राख चाळली. दोन खिळे निघाले, एक अर्धवट जळालेलं बटण निघालं. बोटं काळी झाली आणि गारठ्याने वळेनाशी झाली. तरी तो थांबेना. त्याला सुंदरम्मा आजी आठवत होती.

सुंदरम्मा त्याच्या आजोबांची आई. अक्कलकोटकडच्या खेड्यात ओढा ओलांडताना तिचं लिंग वाहून गेलं. ती तशीच काठावर बसली. स्वामी पलीकडच्या गावात आणि मधे ओढ्याला पूर. पूर ओसरून स्वामी आले तेव्हा तिला पाणी गिळता येत नव्हतं. घरात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगत. लहानपणी ती ऐकली की शिवपुत्रला ताप यायचा, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रत्नम्मा लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी तिला देवघरापाशी बसवून ही गोष्ट ऐकवली होती. आपल्या घरच्या बाया अशा असतात, म्हणाली होती.

तो आत आला तोच दार वाजलं. “रत्नम्मा-सान,” बाहेरून तोमेअव्वाची हाक आली.

“उघडू नका,” रत्नम्मा म्हणाली. “मला तिचं तोंड बघायचं न्हाय.”

शिवपुत्र दाराला हात लावून उभा राहिला. म्हातारीने पुन्हा हाक मारली, काहीतरी लांबलचक बोलली. त्याची जपानी भाषा कारखान्यापुरती. दारापलीकडून त्याला काही उमगलं नाही. बायकोकडे एकदा बघून त्याने दारावरचा हात काढला. खडावांचा आवाज हळूहळू लांब गेला.

जरा वेळाने गल्लीतून लाकडं वाजली. टक टक. वर्षाच्या शेवटी मोहल्ल्यातली माणसं संध्याकाळी दोन लाकडं आपटत फिरायची आणि ओरडून सांगायची की विस्तव सांभाळा. गाव सगळं लाकडाचं, त्यात थंडीमुळे घरोघर शेगड्या. एरवी रत्नम्मा खिडकीतून गंमत बघायची.

“आता सांगाय आलेत, सांभाळा म्हनून,” ती म्हणाली आणि तिने चादर कानांवर ओढली.

सकाळी तिचे ओठ फुटले होते. वर्षाचा शेवटचा दिवस. कारखाना बंद, दुकानं बंद, दवाखान्याच्या दारावर पाटी.

“माजं घे,” शिवपुत्र गळ्यातला दोरा काढायला लागला.

“खुळं का काय तुमी? ज्येचं त्येला. नवऱ्याचं चाललं असतं तर आजी कशाला गेल्या असत्या?”

“मग कसं करायचं रत्ना? हितं स्वामी कुटनं आनू मी?”

 रत्नम्मा पोटावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, “रात्रीपासनं हललं न्हाय.”

शिवपुत्रला पुढचं सगळं दिसायला लागलं. सात समुद्रांपलीकडे, जिथे आपलं बोलणं कळणारं एकही माणूस नाही तिथे, ही अशीच बसून राहणार आणि आपण पेला घेऊन समोर उभे राहणार. मग सोलापूरला तार जाईल. आणि घरात दुसरी गोष्ट सांगायला सुरुवात होईल, त्याच अभिमानाने.

“अंगनात परत बघून येतो,” असं म्हणून तो बाहेर पडला आणि थेट समुद्रावर गेला.

किनाऱ्यावर गोटे होते. त्याने वाकून वाकून एक निवडला. सुपारीहून मोठा, गुळगुळीत, वरून गोल आणि खालून सपाट. देवाधर्माचं खोटं आयुष्यात कधी केलं नव्हतं. साधी शपथ घ्यायची तरी तो कचरायचा. त्याने परसात आडोशाला बसून दिव्याची काजळी धरली, कारखान्यातून आणलेल्या मागाच्या तेलात कालवली आणि गोट्याला चोळली. खऱ्या लिंगासारखा काळा कुळकुळीत झाला. धोतराच्या पांढऱ्या चिंधीत त्याने तो घट्ट बांधला. गाठ मारताना तो पुटपुटत होता, “माफ कर बाबा. काय करायचं ते मला कर.”

“गावलं,” तो आत येऊन म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. “राखंत, तळाला. कापड जळलं हुतं, नवं बांधलं. धग लागलीया, जरा येगळं वाटंल.”

रत्नम्माने त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. पुडी घेऊन ती कोपऱ्यात गेली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि तिने गाठ सोडली.

ती खूप वेळ हलली नाही. शिवपुत्रला तिची पाठ दिसत होती आणि वाकलेली मान. आता ओरडेल, आता भिरकावून देईल, असं त्याला वाटत राहिलं. मग भस्माच्या डबीचं झाकण वाजलं. पूजा झाली. तिने पुडी बांधून गळ्यात घातली आणि वळली.

“आना पानी.”

पेला देताना निम्मं पाणी त्याच्याच हातून सांडलं. तिने दोन्ही हातांनी पेला धरला, डोळे मिटले आणि घोट घेतला. घसा हलला. मग दुसरा घोट. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिने पेला रिकामा करूनच खाली ठेवला. दुपारी तिने मऊ भात खाल्ला. खाता खाता एकदम त्याचा हात ओढून पोटावर ठेवला.

“हललं,” ती म्हणाली.

शिवपुत्र उठून बाहेर गेला आणि भिंतीआड उभं राहून लहान पोरासारखा रडला. पण भीती काही गेली नाही. तिने नुसती जागा बदलली होती.

दिवेलागणीला दार वाजलं. या खेपेला त्याने उघडलं. तोमेअव्वा ठेवणीतला किमोनो घालून उभी होती. दोन्ही हातांवर तिने एक लाखेचं तबक धरलं होतं, आणि तबकात पांढऱ्या कापडाची लहानशी पुडी होती. कापड जुनं होतं, भस्माने मळलेलं.

म्हातारी हातवारे करत सांगू लागली. रत्नम्मा-सान आंघोळीला गेली तेव्हा, चटया परत घालताना फटीत सापडलं. हे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. पण रोज सकाळी रत्नम्मा-सान तळहात समोर धरून बसते, हे तिने खिडकीतून पाहिलं होतं. म्हणून आपल्या देवाच्या फळीवर, लढाईत गेलेल्या मुलाच्या फोटोशेजारी, तिने ते ठेवलं. पुढे पाणी ठेवलं. काल द्यायला आले, दार उघडलं नाही. आज दिवसभर लेकीकडे होते. मग म्हातारीने कमरेत वाकून नमस्कार केला. त्याला नव्हे, तबकाला.

शिवपुत्रने पुडी उचलली. दार लागलं तरी तो तिथेच उभा होता. एक खोटं आत तिच्या गळ्यात होतं आणि खरं त्याच्या मुठीत. कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना.

“आनलं व्हय तोमेअव्वानं?” आतून सगळं बघत असलेली रत्नम्मा म्हणाली. “द्या हिकडं. किती येळ धरून हुबं ऱ्हानार?”

तो दचकला. “तुला कळलं हुतं?”

“हातात घेतल्याबरुबर. इतकं जड असतंय व्हय? आनि तेलाचा वास. तुमच्या सदऱ्याला येतोय त्योच.”

“मग पानी...”

“पिले.”

“का?”

रत्नम्माने आपलं लिंग डोळ्यांना लावलं, दोन्ही मुठींत धरून छातीशी घेतलं. 

“सुंदरम्मा आजींच्या पोटात कोन न्हवतं वो,” ती म्हणाली. “आनि तुमचं हात लई कापत हुतं.”

“पाप मला लागूंदे. मी केलंय ते.”

“पिले मी, आनि पाप तुमाला? गप बसा. लागलं तर लागलं.” तिने दोऱ्याची नवी गाठ दोनदा ओढून पाहिली. “तिला दार उघडलं न्हाय आपुन. त्येचं जास्त लागंल.”

दुसऱ्या दिवशी नवं साल. उजाडायच्या आधी सगळं गाव पहिला सूर्य बघायला समुद्रावर लोटलं होतं. तोमेअव्वा पुढे, मागे ही दोघं. रत्नम्माने सकाळीच तिच्या पायांना हात लावला होता आणि म्हातारी गोंधळून स्वतःच वाकत सुटली होती. सूर्य वर आला. माणसांनी हात जोडले.

तिने गळ्यातून काढून दिलेला गोटा शिवपुत्रने खिशातून काढला आणि फेकायला हात उगारला.

“थांबा,” रत्नम्मा म्हणाली. “फेकू नका. भस्म लावलंय मी त्याला.”

तिने गोटा घेतला. लाटेच्या पाण्यात धरून पदराने काजळी पुसली. तेलकट होती, लवकर निघेना. तिचे हात गारठून लाल झाले, तरी ती घासत राहिली. गोटा राखाडी निघाला. तिने तो डोळ्यांना लावला आणि वाळूत इतर गोट्यांच्या शेजारी अलगद ठेवला.

“आईला काय सांगायचं?” शिवपुत्रने विचारलं.

“सांगायचं काय त्येच्यात? थंडी लई हुती म्हनायचं.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. दोन पावलं गेल्यावर शिवपुत्रने मागे वळून पाहिलं. लाट येऊन गेली होती. किनाऱ्यावर गोटेच गोटे होते, सगळे ओले, आणि त्यातला तो कुठला ते आता सांगता येत नव्हतं.