भिकाची पिशवी

जानेवारीतली सकाळ होती. दिंडोरीहून नाशिकला दवाखान्यात निघालेल्या नवसाबाई गाडीत दोन शाली गुंडाळूनही कुडकुडत होत्या. हिटर चालू होता, पण वारा गारच येत होता. शेजारी त्यांचा मुलगा ज्ञानेशराव, द्राक्षांचा व्यापारी. त्यांना आईचा खोकला ऐकवेना. त्यांनी ड्रायव्हर भिकाला गाडी थेट झुंबर मिस्त्रींच्या गॅरेजला घ्यायला लावली.

मिस्त्रींनी इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर हात ठेवला. "चालू केल्या केल्या पाणी इकडं पळतंय. इंजिन तापतच नाही, मग हिटरला गरम पाणी कुठून मिळणार?" त्यांनी झाकण खोललं. "इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅटच आत नाही, शेठ. कुणीतरी काढलाय."

झालं, शेठचं डोकं फिरलं. गाडी कायम भिकाच्या ताब्यात, आणि भिका पेठच्या डोंगरातला, गरीब. एवढा पुरावा त्यांना पुरला.

"कुठं विकलास?"

"शेठ, तो तर तुम्हीच..."

"उलट बोलू नकोस. उद्यापासून कामावर येऊ नको." चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी भिकाची पिशवी हिसकावून बाकावर उपडी केली. नागलीची भाकर आणि ठेचा, दुसरं काही निघालं नाही.

नवसाबाई दाराला धरत धरत खाली उतरल्या. "ज्ञानेश, मे महिन्यात मनमाडच्या रस्त्याला गाडी तापली, तवा ते बिघडलेलं काढून फेकायला कोणी सांगितलं? भिका म्हनत व्हता, नवं बसवा, नायतर थंडीत हिटर चालायचा नाय. तू म्हनलास, पेठवाल्यानं मला शिकवू नये. मी गाडीतच व्हते."

ज्ञानेशरावांना सगळं आठवलं. अरेरे, आपण हे काय करून बसलो! बाकावरच्या त्या भाकरीकडे त्यांना बघवेना.

"आन् मी इसरले असते तर? ह्यो जलमभर चोर ठरला असता. काही हरवलं की तुला आधी गरिबाचीच पिशवी का दिसती रं?"

ज्ञानेशराव भिकाजवळ जाऊन हळूच पुटपुटले, "चुकलो रे."

भिका भाकर फडक्यात बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "शेठ, पिशवी चार लोकांत उघडलीत. बोलायचं ते बी चार लोकांतच बोला."

ज्ञानेशराव वळले. त्याच गिऱ्हाइकांसमोर त्यांनी हात जोडले. "भिका चोर नाही. तो भाग मीच फेकायला लावला होता. मी याच्यावर खोटा आळ घेतला." मग भिकाकडे वळून म्हणाले, "मला माफ कर. गाडी तूच चालव."

नवा थर्मोस्टॅट तासाभरात बसला आणि नवसाबाईंना ऊब मिळाली. ज्ञानेशराव मात्र दवाखान्यापर्यंत खाली मान घालून बसले होते. घरातली वस्तू सापडेना की आपलीही नजर आधी कामवाल्या बाईकडेच जाते ना? त्याआधी ती आपणच कुठं ठेवली का, हे स्वतःला विचारावं. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर माफीही चारचौघांतच मागावी.