दिनकरची काच

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. माझ्या तरुणपणी मला मॅजिक लँटर्न म्हणत, पण माझ्यात जादू कसली? पत्र्याची पेटी, पितळी नळकांडं आणि आत दिवा. दिव्यासमोर काचेवरचं चित्र सरकवलं की ते भिंतीवर मोठं दिसतं, एवढंच. स्वभावाने मी भित्रा आहे, आणि त्याला कारण आहे.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मला बोटीने अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पाठवलं. तिथे दर गुरुवारी बाहेरगावचे व्याख्याते येत. कुणी इजिप्तवर बोले, कुणी उत्तर ध्रुवावर. मुलं हिरवळीवरचे खेळ टाकून सभागृहात धावत, पुढच्या बाकांसाठी भांडत, आणि व्याख्यान कंटाळवाणं झालं की बूट आपटत. मला चालवायचं काम पुण्याहून शिकायला आलेल्या दिनकरकडे होतं. नियम एकच: व्याख्याता काठी आपटेल तेव्हाच काच बदलायची.

एकदा एक पाहुणे पुलाच्या चित्रावर इतके रंगले की काठी आपटायची विसरले. माझा दिवा तापत गेला. टच्च आवाज झाला आणि पुलाला आडवी भेग पडली. पाहुणे सगळ्यांसमोर दिनकरवर ओरडले. तो बिचारा मान खाली घालून उभा. गुन्हा माझा होता, मित्रांनो. तेव्हापासून जिवाला घोर लागला तो लागलाच.

पुढे नवा प्रोजेक्टर आला आणि विद्यापीठाने मला काही जुन्या काचांसकट दिनकरच्या हवाली केलं. निघताना मित्रांनी हिरवळीवर त्याचा फोटो काढून काचेवर उतरवून दिला. त्यात तो हसतो आहे, एक हात माझ्या पाठीवर. त्याच्या तरुणपणाचा तेवढाच फोटो उरला आहे.

पुण्यात काही वर्षं माझं कौतुक झालं, मग मी कपाटावर धूळ खात पडलो. गेल्या वर्षी त्याची पणती देविका नोकरीसाठी इंग्लंडला, लंडनजवळच्या वॉटफर्डला आली आणि मला घेऊन आली. इथून बर्मिंगहॅम ते कितीसं लांब! फिरून फिरून भोपळे चौक, दुसरं काय.

जवळच्याच पिनर गावच्या एका हॉलमध्ये मराठी मंडळींसमोर देविका पणजोबांच्या विद्यापीठावर बोलणार असं ठरलं. तिचे शेजारी मुरलीधरकाका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी मला नवी वायर आणि बल्ब बसवला, आणि कार्यक्रमात काचा बदलायचं कामही घेतलं.

"देविका, आधी ती पणजोबांच्या फोटोची काच स्कॅन करून घे. एकच पीस आहे," काका म्हणाले.

"हो काका, लेक्चर झालं की वीकेंडला करते. डोन्ट वरी!"

"आणि बल्ब पॉवरफुल आहे. अर्ध्या मिनिटाच्या वर एक स्लाइड ठेवायची नाही."

"मी काठी आपटेन ना. तोपर्यंत तुम्ही हात लावू नका हं, प्लीज. माझा फ्लो जातो."



कार्यक्रमात बाकीच्या काचा नीट पार पडल्या. शेवटी दिनकरची काच आली. भिंतीवर पुरुषभर उंचीचा दिनकर हसला. देविका बोलता बोलता वळली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. काठी तिच्या हातात तशीच. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. माझा पत्रा भाजायला लागला, काचेच्या कडेचा कागद करपल्याचा वास आला. काकांचा हात पुढे आला, मागे गेला. मी किती घाबरलो होतो म्हणून सांगू! दिनकरला एकदा मान खाली घालायला लावली होती, आता त्याचा चेहराच फोडणार होतो.

काकांनी एकदम काच ओढून काढली. भिंत पांढरी झाली.

"काका! अहो, काय केलंत हे?" सगळ्या हॉलसमोर देविका ओरडली.

काकांची बोटं भाजली होती. त्यांनी काच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हात लावून बघ."

देविकाने काचेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. काच शाबूत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी काका," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तिने काच स्कॅन करून आणली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना टाकून देणारे भेटतात तसे जीव लावणारेही भेटतात. मला भीती दोघांचीही वाटते. देविका प्रेमानेच बघत होती, आणि त्या बघण्यातच काच फुटणार होती. आम्ही कितीही तापलो तरी आम्हाला ओरडता येत नाही. तेव्हा कौतुकाने बघत असाल ना, तर मध्येच एकदा हात लावूनही बघत जा.