गिरिजेच्या हातातली घंटा

मी घंटा बोलतेय. देवळात साखळीला टांगलेली नव्हे, की शाळेच्या व्हरांड्यातला लोखंडी टोलही नव्हे. हातात मावणारी, डोक्यावर इवलासा नंदी बसलेली पूजेची घंटा. कोल्हापुरात मंगळवार पेठेत शिवकुमारच्या घरी, देवघराच्या उजव्या कोपऱ्यात माझी जागा आहे. स्वभावानं मी मुळातच मोठ्या आवाजाची. हळू बोलायचं म्हणजे काय, ते मला कधी कळलंच नाही. हल्ली माझं बोलणं कुणाच्याच कानावर पडत नाही. असं का झालं, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म भट्टीतला. चेपलेले गडवे, कान तुटलेली पातेली, कुठल्याशा समईचा मोडका पाय, सगळं एकत्र वितळवून एका कारागिरानं मला साच्यात ओतलं. थंड झाल्यावर घासलं, पोटात जीभ अडकवली. पुस्तकात तिला लोलक म्हणतात म्हणे, आमच्याकडं जीभच. मग त्यानं मला एकदा हलवलं. आवाज बराच वेळ घुमत राहिला आणि तो विझेपर्यंत हा गडी विडी बोटात धरून तसाच उभा. शेवटी "जमली!" म्हणाला. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती.

पेठ वडगावच्या बाजारात मला गंगव्वानं पसंत केलं. ही शिवकुमारची आई. दुकानातली एकेक घंटा कानाशी नेऊन वाजवायची आणि परत ठेवायची. दुकानदार कावला.

"मावशी, घंटा घेतायसा का जावई बघतायसा?"

"जावई एकदा बघितला की झालं. हिचा आवाज मला रोज ऐकायचा हाय. बाकीच्या नुसत्या कण्हत्यात, ही बोलती बघा."

असं कौतुक झाल्यावर कोण हुरळणार नाही? मी तिच्या थैलीतून वाजत वाजतच घरी आले.

पुढं शिवकुमारचं लग्न झालं आणि सुष्मिता घरात आली. ती शाळेत शिकवायची. सासूला ती कर्नाटक सीमेकडच्या रीतीनं अत्ती म्हणायची आणि सासूही तिला लेकीसारखं जपायची. गिरिजा झाली, मग विरू झाला. आजोबांचं विरूपाक्ष हे नाव एवढ्याशा पोराला पेलेना, म्हणून विरू. गिरिजा शाळेत घालायच्या वयाची झाली, तेव्हा सुष्मितानं नोकरीच सोडली आणि पोरांना घरी शिकवायचं ठरवलं. पाव्हण्यारावळ्यांत बोंबाबोंब झाली. शिवकुमारचं पाइपांचं दुकान. तो कमी बोलणारा. "तिनं ठरवलंय न्हवं, मग झालं," एवढंच म्हणाला.

सुष्मिताचं म्हणणं मात्र पक्कं होतं. "अत्ती, मी वर्गात बघितलंय. हजेरी घेता घेता जीव जातो. त्या गर्दीत माझ्या पोरीकडं कोण बघणार? घरी निदान डोळ्यांसमोर राहील."

तेव्हापासून मला दोन नोकऱ्या लागल्या. सकाळी पूजेला वाजायचं आणि पूजा आटोपली की शाळा भरल्याची वर्दी द्यायची. गंगव्वाला ते पटलं नव्हतं.

"देवाची घंटा हाय ती, म्हशी हाकायची न्हवं."

"शिकणं पण पूजाच की, अत्ती."

हे ऐकून मी खूश. काय ते घर होतं! एकीकडं भाकरी थापता थापता अपूर्णांक चालायचे. पाव भाकरी, अर्धी भाकरी. पोटात गेली की उत्तर बरोबर. कुकरच्या शिट्टीवर पाढे म्हटले जायचे. गंगव्वा शेंगा सोलत लिंगायत संतांची वचनं पाठ करून घ्यायची. शेजारीण रोज दारातून विचारायची, "आज पण सुट्टी का गं पोरास्नी?" आणि सुष्मिता रोज तितक्याच गोडीनं सांगायची, "न्हाई वहिनी, शाळा भरलीया." माणसांना एकच प्रश्न रोज विचारायला काय मिळतं, देव जाणे.

मला वाजवायचं काम गिरिजेचं. अगदी लहान होती तेव्हा तिला माझी मूठ एका हातात मावायची नाही. दोन्ही हातांनी धरून हलवायची, आवाज घुमत असतानाच मला गालाला लावायची आणि खिदळायची. "अज्जी, मुंग्या येत्यात की गं हाताला!" गंगव्वा हसून म्हणायची, "देव गुदगुल्या करतोय तुला, गिरजव्वा." पोर मोठी झाली तरी ती सवय गेली नाही. वाजवायची, गालाला लावायची, मग खाली ठेवायची.

आठव्या वर्षी मठातल्या स्वामींनी तिला लिंगदीक्षा दिली. कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन, नजर त्यावर रोखून बसायचं. मोठ्या माणसांचीही त्यात तारांबळ उडते. कुणाला खोकला येतो, कुणाचं लक्ष मोबाइलकडं जातं. शिवकुमारला तर दुकानाची किल्ली आठवते. पण गिरिजा बसली की बसली. दारात भाजीवाला ओरडू दे, विरू आदळआपट करू दे, हिची पापणी हलायची नाही. एकदा तर गंगव्वाच्या हातून मी निसटले आणि तिच्या पाठीमागंच फरशीवर आपटले. विरू किंचाळला, शिवकुमार दचकून उठला. गिरिजा होती तशीच.

"बघितलंसा?" सुष्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाळंत घातली असती तर असली एकाग्रता आली असती का?"

गंगव्वानं तिची दृष्ट काढली. कोडोलीहून पावणं आलं की त्यांना मुद्दाम पूजेच्या वेळी बसवायचे. "योगिनी हाय आमची पोर," गंगव्वा सांगायची. पावणं हात जोडायचं. मला मात्र खरं सांगायचं तर राग यायचा. आयुष्यात माझ्या आवाजाला न दचकलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि ही चिमुरडी मला मोजेना!

राग गेला आणि मला भीती वाटायला लागली. मी तिच्या समोर वाजले की ती लगेच वही उघडायची. पाठीमागं वाजले की खिडकीबाहेर बघत बसायची. विरू तिला हाक मारायचं सोडून बाही ओढायला शिकला होता. आई गोष्ट सांगताना ही नेमकी समोर बसायची, आईच्या ओठांकडं बघत. वचन म्हणताना शब्दांच्या कडा झिजल्यासारखी बोलायची. गंगव्वा लाडानं "बोबडकांदा" म्हणायची. चोवीस तास डोळ्यांसमोर असलेलं पोर. रोज थोडं थोडं बदलत गेलं ते कुणाला दिसलं नाही. मी तर नुसती घंटा. मला हलवल्याशिवाय बोलता येत नाही आणि हलवलं तरी एकच शब्द येतो.

मग एके दिवशी विज्ञानाच्या तासाला सुष्मितानं आवाजाचा धडा काढला. पोरांच्या डोळ्यांना ओढणी बांधायची, खोलीत कुठूनही मला वाजवायचं आणि पोरांनी त्या दिशेला बोट दाखवायचं. आधी विरू. पठ्ठ्यानं एकदाही चूक केली नाही.

मग गिरिजा. डोळे बांधून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, बोट तयार ठेवून, तोंडभर हसू. सुष्मितानं मला खिडकीपाशी वाजवलं. गिरिजा उभीच. दारापाशी वाजवलं. उभीच.

"ताई, अगं वाजतीया की!" विरू हसला.

सुष्मिता जवळ आली. मला तिच्या पाठीशी वाजवलं, मग अगदी कानाशी. मी जीव खाऊन वाजले. अशी मी पूर्वी कधी वाजले नव्हते. सुष्मिता मला थांबूच देईना.

"आई," गिरिजा म्हणाली, "सुरू कर की."

विरू सवयीनं तिची बाही ओढायला निघाला, त्याला सुष्मितानं धरलं. मग तिनं मला फरशीवर ठेवलं, इतकं हळू, की जणू शेजारी तान्हं बाळ झोपलं होतं.

दवाखाने झाले. आधी कोल्हापुरात, मग मिरजेला, मग पुण्याला. मला काही कुणी बरोबर नेलं नाही. जे कळलं ते घरातल्या रडण्यातून कळलं. डॉक्टरांनी गिरिजेला लिहून विचारलं होतं, घरातली घंटा ऐकू येते का? ती म्हणाली, "दिसते की." तिला वाटायचं, सगळ्यांनाच घंटा दिसते, आणि दिसली की वह्या काढायच्या असतात.

कानाची नस वाळत गेली होती, म्हणे. लवकर कळतं तर काहीतरी राखता आलं असतं. आता ऑपरेशनाचाही उपयोग नाही. यंत्र आणलं, ते लावलं की तिचं डोकं दुखायचं आणि ऐकू धड काही यायचं नाही. जे थोडं उरलं होतं तेही वर्षभरात गेलं.

"शाळंत असती तर कुणीतरी सांगितलं असतं," सुष्मिता म्हणाली. "मागच्या बाकावरचं एखादं पोरगं तरी म्हणालं असतं. मी डोळ्यांसमोर ठेवली आणि मीच बघितलं न्हाई."

गंगव्वा देवघरात गेली. इतकी वर्षं मी तिच्या प्रार्थना ऐकल्या आहेत, त्या दिवशीसारखी एकही नाही. "तुझ्याकडं टक लावून बसली म्हणून आमी खूश झालो," ती देवाला म्हणाली. "आणि तू गप बसलास. व्हय रं?" देव त्या दिवशीही गपच बसला. गंगव्वानं तरीही विभूती लावली. सुष्मितानं मात्र विभूती लावणं सोडलं. पूजेला बसते, पण सासूचं मन राखायला.

विरूला जवळच्या शाळेत घातलं. घरी गिरिजा आणि पाटी उरली. पाढ्यांचा गलका थांबला. सुष्मिता लिहिते, गिरिजा वाचते आणि उत्तर लिहिते. बोलते कमी, कारण आपलं बोलणं कसं उमटतं ते तिला आता लोकांच्या तोंडावर दिसतं.

सकाळची घंटा तेवढी तिच्याकडंच राहिली. माझा आवाज निघाला की सुष्मिता कानांवर हात घ्यायची. एकदा म्हणाली, "अत्ती, बंद करूया घंटा. सोसत न्हाई मला." गंगव्वा म्हणाली, "तिच्याकडनं सगळं गेलं, तेवढं तरी काढून घेऊ नगंस."

म्हणून एका दुपारी सुष्मितानं पकड आणली, मला उलटं केलं आणि माझी जीभ काढली. "तिला कुठं कळणार हाय," ती पुटपुटली. जीभ सुपारीच्या रिकाम्या डबीत घातली आणि डबी देवामागं सारली. हातानं करत होती आणि डोळ्यांनी रडत होती. तिच्यावर मी कशी रागावू? पण इथं ती पुन्हा चुकली.

दुसऱ्या दिवशी गिरिजेनं मला उचललं, हलवलं आणि थांबली. तळहात घट्ट दाबला. मला गालाला लावून वाट बघितली. मग वाकवून माझ्या पोटात डोकावली. मोकळी कडी तिला दिसली.

तिनं आईकडं बघितलं. सुष्मिता डोळे मिटून, ओठ आवळून, घंटा वाजत असल्यासारखी मान डोलवत होती.

गिरिजा पुन्हा मला हलवायला लागली. पूर्वीइतकाच वेळ, लहानपणीसारखंच दोन्ही हातांनी. पूजा झाल्यावर तिनं आईला त्या झिजल्या शब्दांत विचारलं, "बरोबर वाजली न्हवं?"

"व्हय," सुष्मितानं मान हलवली. "छान वाजली."

तेव्हापासून हेच चालू आहे. आईला वाटतं, पोरीला ठाऊक नाही. पोरीला ठाऊक आहे, पण आईला कळू द्यायचं नाही. गंगव्वाला दोघींचंही ठाऊक आहे. ती पदर डोळ्यांना लावते आणि धुराचं निमित्त सांगते.

बाबांनो, कुणीतरी ती डबी उघडा. पकडीनं कडीला एक पीळ दिला की काम होईल. तिच्या कानासाठी म्हणत नाही मी, तिथं आता माझं काही चालत नाही. तिच्या हातासाठी म्हणते. माझ्याकडून तिला एवढंच पोचत होतं, तळहाताला मुंग्या. सुष्मिताला हे कुणी सांगा. मीच सांगितलं असतं, घर हादरवून सांगितलं असतं. पण त्यासाठी लागणारी जीभ त्या डबीत आहे.

उद्या सकाळी गिरिजा मला हलवील आणि गालाला लावील. काही येतंय का, याची थोडी वाट बघेल. मग पदरानं पुसावं तसं फ्रॉकनं मला पुसून जागेवर ठेवील, आणि आईकडं बघून हसेल.