कुंचीतला चेहरा

मित्रांनो, तान्हेपणी तुमच्यातल्या पुष्कळांना माझ्यासारखीनं थंडीवाऱ्यापासून जपलं असेल, पण आठवत मात्र कुणालाच नसेल. मी एक जुनी कुंची आहे. बाळाचं डोकं आणि कान झाकून पाठीवर रुळणारी, हिरव्या खणाची. दौंड तालुक्यातल्या खुटबावात माझा जन्म झाला. कस्तुराबाईंना पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा त्यांनी लग्नातल्या खणाची घडी मोडली, आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर लावलं आणि कडेनं झालर शिवली. शेवंतीच्या मळ्यातून घरी आल्या की चूल पेटवायच्या आधी त्या माझ्यावर चार टाके घालत.

बारशाच्या दिवशी मी सुलक्षणाच्या डोक्यावर चढले. "कस्तुरा, काय गं कुंची शिवलीस!" असं आयाबाया म्हणाल्या आणि मी फुलून गेले. माझ्या झालरीखाली एक चिमुकला चेहरा होता. कपाळ रुंद, डोळे जरा खोल, गाल खाली निमुळते होत टोकदार हनुवटीला मिळालेले.

थोड्याच दिवसांत त्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला. पुढे अंगाला खाज सुटली. पोर इतकी ओरबाडायची की माझ्या अस्तरावर रक्ताचे ठिपके पडायचे. कस्तुराबाई ते थंड पाण्यानं धुवायच्या. सुलक्षणा पाऊल टाकायला शिकलीच नाही. त्याआधीच ती गेली.

दहा-बारा दिवसांनी कस्तुराबाईंची सासू चारचौघींत म्हणाली, "आईचंच दूध बाधलं पोरीला."

मारुतराव, म्हणजे कस्तुराबाईंचे मालक, खाली मान घालून बसले होते. ते वाक्य कस्तुराबाईंच्या काळजात जे रुतलं, ते रुतलंच. पुढे दत्ता झाला, तेव्हा त्या आधी वाटीत थोडं दूध काढत आणि त्यात एक मुंगी सोडत. मुंगी जिवंत वर आली, तरच बाळाला छातीशी घेत. दत्ताचा चेहरा थेट बहिणीसारखा होता, पण तो पिवळा पडला नाही. अंगानं किरकोळ राहिला, धावला की त्याला दम लागायचा, एवढंच. तो मोठा झाला आणि मी कडुनिंबाच्या पाल्यात, पत्र्याच्या पेटीत जाऊन पडले. कितीतरी वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

दत्ता रांजणगावच्या एका कंपनीत लागला. कारेगावात दोन खोल्या घेऊन तो आणि त्याची बायको अनिता राहू लागले. त्यांना मुलगी झाली. कस्तुराबाई मला ऊन दाखवून, इस्त्री करून बारशाला घेऊन गेल्या. समृद्धीच्या डोक्यावर मला बांधताच एकच गलका झाला, "बापाचंच तोंड उचललंय पोरीनं!"

दत्ताला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं पोरीच्या गालाला गाल लावून मोबाईलवर फोटो काढले. कस्तुराबाईंनी मात्र माझी झालर मागे सारून पोरीचं तोंड पुन्हा पुन्हा निरखलं. कारण त्या चेहऱ्यात त्यांना दत्ताच्या आधी दुसरंच कुणीतरी दिसलं होतं.

आणि त्यांना भीती होती तसंच झालं. पोरीचे डोळे पिवळे झाले.

अनिता सासूला म्हणाली, "आत्या, हिची शी पांढरीफटक होतीया, पिठावानी. लंगोट तर हळदीवानी पिवळा. दवाखान्यात जाऊ."

"कवळ्या उन्हात धर. उतरंल," कस्तुराबाई म्हणाल्या. "न्हाईतर मी काविळीची माळ आणते. पर कुणाफुडं बोलू नकोस."

बाळंतिणीच्या मदतीला त्या कारेगावातच राहिल्या होत्या. कोणी बघायला आलं की त्या मला पोरीच्या भुवयांपर्यंत खाली ओढत आणि खोलीतला दिवा मालवत. अनिताला त्याचा राग यायचा. तिला वाटायचं, सासूला लोकांची लाज वाटते. खरं कारण तिला ठाऊक नव्हतं. कावीळ म्हटली की लोक आईच्या दुधाला बोट लावणार, जे आपण भोगलं ते सुनेच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी ती बाई धडपडत होती. त्या धडपडीत आठवडे निघून गेले.

मग एकदा लसीची सुई टोचली, तिथलं रक्त थांबेना. दत्तानं कुणाचं न ऐकता पोरीला उचललं आणि तिघं तिला घेऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त थांबवायचं औषध दिलं. मग माझे बंद सोडले, मला बाजूला ठेवलं आणि पोरीला खिडकीपाशी नेलं. बराच वेळ तिचा चेहरा पाहिला. मग मान वर करून दत्ताचा चेहराही तितकाच वेळ पाहिला.

"जरा शर्टाची बटणं काढता?" असं म्हणून त्यांनी नळी दत्ताच्या छातीला लावली.

तपासण्या झाल्यावर त्यांनी तिघांना समोर बसवलं. "हिच्या यकृतात पित्ताच्या नळ्या फार कमी आहेत," त्या म्हणाल्या. "पित्ताला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते रक्तात चढतं. पिवळेपणा त्याचा, पुढे खाजही त्याचीच. हा आजार जन्मापासूनच असतो. कपाळाची, डोळ्यांची, हनुवटीची ही ठेवण हीसुद्धा त्याचीच एक खूण. नुसत्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही, पण इथं सगळंच जुळतंय. दत्ता, तुमच्यातही तो आहे, अगदी सौम्य; हृदयाच्या आवाजात तो कळतो, आणि तुमच्याकडूनच तो हिला आला. त्यात तुमचा दोष काही नाही."

दत्तानं दोन्ही हातांनी आपला चेहरा झाकून घेतला.

कस्तुराबाई खुर्चीवरून उठल्या. "बाई, माझी पयली पोर बी ह्याच तोंडाची व्हती. पिवळी पडून गेली. ती माझ्या दुधानं गेली न्हवं?"

"नाही हो आजी. दुधाचा काय संबंध? कुणी सांगितलं तुम्हाला?"

कस्तुराबाईंनी मला उचललं, तोंडाशी धरलं आणि हुंदका फुटू दिला. सुलक्षणा गेली तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या. अनिता उठून त्यांच्याजवळ गेली. "आत्या, एवढं पोटात ठेवलंत व्हय?" एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, औषधं सुरू झाली. पोर बसायला लागली, बोलायला लागली. पण खाज काही तिला सोडेना. कस्तुराबाईंनी मऊ सुती कापडाच्या पिशव्या शिवून तिच्या हातांत घातल्या. दुपारभर त्या तिच्या पाठीवर ओलं फडकं फिरवत बसायच्या. "आज्जे, अजून," ती म्हणायची. तिच्या बोटांच्या पेरांवर पिवळट गाठी आल्या. गल्लीतली मुलं तिच्याजवळ यायला कचरायची. तिसरं वर्ष सरता सरता ती अंगणात पडली. जखम बाहेर दिसलीच नाही, रक्त डोक्याच्या आत वाहिलं होतं. ती परत घरी आली नाही.

"लवकर आणली असती तर?" ती गेल्यावर दत्तानं दवाखान्यात विचारलं. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्रास कमी करता आला असता. वाचलीच असती, असं नाही सांगता येत."

कस्तुराबाई मला घेऊन खुटबावला परतल्या. शेजारच्या भामाबाईंच्या सुनेला, नीलमला, बाळ झालं होतं. महिना उलटला तरी त्याचे डोळे पिवळे होते आणि भामाबाई त्याला उन्हात धरत होत्या. कस्तुराबाई मला कमरेला खोचून तिकडे गेल्या. बाळाचं टोपडं काढून त्याला दारातल्या उजेडात आणलं, डोळे निरखले आणि नीलमला विचारलं, "पोरी, शी कसल्या रंगाची हुतीया?"

भामाबाई भडकल्या. "कस्तुरे, तुझ्या घरची दोन गेली म्हणून आमच्या लेकराला नख लावतीस व्हय?"

मला वाटलं, आता कस्तुराबाई निघून जातील. पण त्या उंबऱ्यावर बसल्या.

"व्हय, दोन गेली," त्या म्हणाल्या. "म्हणूनच बोलते. दूध वाईट नसतं, नीलम, त्याला बोल लावू देऊ नको. पर एवढ्या दिसांचं पिवळं उन्हानं जात न्हाई. उद्याच्याला यवतच्या दवाखान्यात जाऊन रगात तपासून ये. मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी नीलम, भामाबाई आणि कस्तुराबाई बाळाला घेऊन एसटीनं गेल्या. बाळाची कावीळ साधी निघाली, उतरली. भामाबाई पुढे बरेच दिवस कस्तुराबाईंशी बोलल्या नाहीत. कस्तुराबाईंना त्याचं काही वाटलं नाही. कावीळ साधी निघाली त्या दिवशी घरी येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

मित्रांनो, आता माझी झालर विरली आहे, बंद तुटले आहेत. माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांना बाळाला ऊब द्यायला खुशाल घाला. पण रोज एकदा आम्हाला उतरवा, बाळाला उजेडात न्या आणि त्याचे डोळे नीट बघा. दोन आठवड्यांनंतरही पिवळे दिसले, किंवा शी पांढरट झाली, तर कुणाला दोष देत बसू नका. लेकराला उचला आणि दवाखान्याची वाट धरा.