आतल्या तक्त्याची टीप

तारका होती. खसखशीएवढी, रुग्ण क्रमांक चौदाच्या तक्त्यात तिसऱ्या रकान्यात गुणांच्या जागी मारलेल्या आडव्या रेघेच्या डोक्यावर बसलेली. पण ती ज्या टिपेकडे बोट दाखवत होती, ती टीपच पानावर नव्हती. संगणकासमोर बसलेल्या तिने पान पुन्हा तयार करायला लावलं. पडद्यावरचं चक्र फिरलं, थांबलं. तारका आहे, टीप नाही. सकाळपासून हे सातव्यांदा.

चूक कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. वीस वर्षं पुस्तकांची जुळणी करून एवढंही कळू नये म्हणजे झालंच. बाहेर एक मोठा तक्ता, त्याच्या एकेका घरात एकेका रुग्णाचा छोटा तक्ता, प्रत्येकाला आपलं शीर्षक, प्रत्येकाखाली आपापल्या टिपा — स्मृतिभ्रंशावरचं हे पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंना असंच हवं होतं. आणि ही जुळणीची प्रणाली आतल्या तक्त्यातली टीप बाहेर येऊ देत नव्हती. खूण तेवढी ठेवायची, टीप गिळून टाकायची. टीप आतच शेवटच्या ओळीत कोंबली की रकाना फुगून सगळा तक्ता समासाबाहेर लोंबायचा. शीर्षक सरळ करावं तर आतला तक्ता बाहेरच्याचा क्रमांक पळवायचा... एक टाका घातला की दुसरीकडे उसवत होतं, आणि मान आखडून लाकूड झाली होती.

शेवटी टीप हाताने बसवायची ठरवली. त्यासाठी ती वाचावी लागणार होती. इतका वेळ तिने ती नुसती पाहिली होती.

'रुग्णासोबत आलेल्या मुलीने वारंवार उत्तरे सुचवली. गुण ग्राह्य धरलेले नाहीत.'

तिने शीर्षक पाहिलं. पुरुष, वय एकोणऐंशी, निवृत्त नकाशेकार. मग तिसऱ्या तपासणीची तारीख — आणि हात माउसवर तसाच राहिला, कारण त्या दिवशी बाबांना तपासणीला नेण्यासाठी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. पुस्तक त्याच रुग्णालयातून आलंय हे तिला माहीत होतं. नाव न छापण्याच्या अटीवर संमतीच्या कागदावर सहीसुद्धा तिनेच केली होती. पण एकशेवीस रुग्णांत बाबा आपल्याच हाताखाली येतील, असं कुठे वाटलं होतं.

ती खोली आठवली — पिवळट पडदा, बाबांची इस्त्रीची शर्टकॉलर, आणि डॉक्टरीणबाईंचा तो हळू आवाज. आज वार कोणता? बाबांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आयुष्यभर ज्या माणसाने नदीचं वळण सूतभर चुकलं तरी कागद नवा घेतला, तो माणूस वर्गात पाटी कोरी राहिलेल्या मुलासारखा तिच्याकडे बघत होता... आणि तिचे ओठ हलले. गुरुवार. 'गुरुवार!' बाबा ऐटीत म्हणाले. मुलं किती? तिने मांडीवर दोन बोटं ठेवली. 'दोन!' परतताना रिक्षात ते किती खुशीत होते. म्हणाले, सगळं बरोबर आलं ना गं?

आलं, बाबा. पैकीच्या पैकी.

"ताई, तू त्यांना जरा बोलू दे ना," धाकटा भाऊ मागे एकदा फोनवर म्हणाला होता. ती भडकलीच. "लांबून सांगायला तुझं काय जातंय? इथे येऊन बस चार दिवस," असं बरंच काही बोलली होती.

"चौदा नंबर अजून अडलाय?" वेलांटीकाका टेबलाशी येऊन उभे राहिले. मुद्रितं तपासणारे काका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडतात म्हणून सगळं ऑफिस त्यांना याच नावाने ओळखायचं. "मी बोललो डॉक्टरीणबाईंशी. बसत नसेल तर तारका आणि टीप दोन्ही उडवा म्हणाल्या. नुसती रेघ राहू दे. एका टिपेने काही आभाळ कोसळत नाही."

"बघते काका."

"बघतेस काय? काढ आणि मोकळी हो. चेहरा बघ आरशात, जागरण केल्यासारखा झालाय."

ते गेले. कर्सर टिपेपाशी लुकलुकत होता. काढणं सोपं होतं, परवानगीही होती. पण टीप नसली की ती रेघ म्हणणार — याला काहीच सांगता आलं नाही. टीप असली की म्हणणार — याला सांगू दिलं नाही. दोन्हींतलं एक बाबांच्या माथी, एक आपल्या. आणि ते पुस्तक वाचणाऱ्या कुणालाच यातलं काही कळणार नव्हतं, मग आपण का असे अडून बसलोय... पण बाबा कोरे नव्हते त्या दिवशी. कदाचित. विचारलं असतं तर कळलं असतं.

तिने तक्त्याभोवती ठरावीक रुंदीची चौकट घातली, टीप चौकटीच्या आत, तक्त्याच्या पायाशी ठेवली, अक्षर एक माप उतरवलं. पान तयार झालं. बसली. दोन ओळींत, समासाच्या आत. एरवी असं काही जमलं की ती काकांना हाक मारायची. आज नाही मारली.

दुपारची सुट्टी झाली होती. डबा न उघडताच तिने घरी फोन लावला. बाबांना सांभाळणाऱ्या मावशींनी उचलला. "जेवले, औषध झालं, आता खिडकीत बसलेत. देऊ?"

सरकलेल्या खुर्चीचा आवाज. श्वास. मग, "कोण?"

बाबा, मी, मोठी — रोजचे हे तीन शब्द जिभेवर येऊन उभे राहिले. तिने ओठ मिटून घेतले. पलीकडे शांतता लांबत गेली. आता ते घाबरतील, आता मावशींना फोन परत देतील... बोल, बोलून टाक...

"हं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "जेवलीस?"

जेवलीस. म्हणजे बाई आहे, आणि घरची आहे. एवढं त्यांनी स्वतःचं स्वतः शोधलं होतं. मुलगी म्हणून विचारलं, की आई समजून? आईलाही ते याच वेळी, याच सुरात विचारायचे.

"अजून नाही," ती म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. मान तशीच दुखत होती. पलीकडे बाबा काहीतरी चाचपडत होते, शब्द उचलून परत ठेवत होते. आणि ती, कोणतंच उत्तर मनात तयार न ठेवता, कानाशी फोन धरून ऐकत राहिली.