कराई आणि सिल्वेस्त्रे यांच्यामधली जागा

या, असे जवळ सरका. तेरेरेचा, आमच्या त्या थंड पाण्यातल्या पाल्याच्या पेयाचा, पेला हातोहात फिरू द्या आणि कान माझ्याकडे द्या. आदराने केलेली एक चूक आदरानेच कशी सुधारली, त्याची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन थोडं हलकं झालेलं असेल, एवढा शब्द देतो.

आमच्या यवापोरा गावात वडीलधाऱ्या पुरुषाला नुसत्या नावाने कुणी हाक मारत नाही. आधी ‘कराई’ म्हणायचं, मग नाव. बाईमाणसाला ‘न्या’. त्यातले कराई सिल्वेस्त्रे म्हणजे गुड फ्रायडेला दारोदारी ख्रिस्ताच्या मरणाचे विलाप गाणाऱ्या मंडळींचे म्होरके. ना वाद्य ना साथ, नुसता गळा. लेकराला मार बसताना बघणाऱ्या आईच्या आक्रोशासारखे ते सूर गावभर फिरायचे आणि लाकडं फोडणाराही कुऱ्हाड खाली ठेवायचा. कराईंना दुसरा नाद संगणकाचा. पर्ल नावाच्या भाषेत त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. कोणती ओळ कुणी उचलायची, कुठे सूर लांबवायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे ते आपल्या खुणांनी लिहीत आणि प्रोग्राम प्रत्येक गायकाचा वेगळा, वाचता येईल असा कागद काढून देई. त्या खुणा दोघांनाच कळायच्या, एक कराईंना आणि दुसरा त्या प्रोग्रामला.

आजारपणात त्यांनी शेवटचा एक विलाप रचला. तो त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नाही. भाची एलादिया उशाशी बसलेली असताना एवढंच म्हणाले, की येत्या गुड फ्रायडेला आपल्या दारात तो म्हणा. ती ‘हो’ म्हणाली, आणि त्यांनी डोळे मिटले.

पुढे त्यांचा जुना संगणकही धन्यामागे गेला. एलादियाने नवा घेतला, मामांच्या फायली त्यात उतरवून घेतल्या, पण प्रोग्राम काही चालेना. तेव्हा तिने ओस्मारला बोलावलं. हा कराईंच्या हाताखाली गायला शिकलेला, आता राजधानीत संगणकाचंच काम करणारा. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सकाळी तो आला, तेव्हा अंगणातल्या मातीच्या भट्टीत चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, भाजत होत्या.

“न्या एलादिया, आधी चिपा की आधी काम?”

“न्या म्हणालास की मला गुडघे दुखल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “आधी काम. आयतं खाणारे भट्टीपाशी पुष्कळ आहेत.”

ओस्मारने तिला समजावलं, की कराईंचा प्रोग्राम एकटा उभा नाही. लोकांनी लिहून जगाला वाटलेली मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, तो उसनी घेतो आणि ती या यंत्रात बसवलेलीच नाहीत. त्याने पहिलं मागवलं, तर ते म्हणालं मला दुसरं हवं. दुसरं म्हणालं मला तिसरं हवं. एलादियाला हे लगेच उमगलं. चिपा करायची तर चीज हवं, चीजला दूध हवं, आणि दुधाला शेजारणीची गाय घरी असायला हवी. ती म्हणाली, “मग गाय कुठे अडलीय ते बघ.”

गाय अडली होती तिसऱ्या मॉड्यूलपाशी. ते जागेवर बांधून घ्यावं लागे, आणि बांधायला एक्सपॅट नावाचं, पर्लबाहेरचं सामान लागे. सामान यंत्रात होतं, पण वापरण्यापुरतं. बांधकामाला ज्या जोडफायली लागतात, त्या वेगळ्या आणाव्या लागतात. फोनचं इंटरनेट गोगलगायीच्या चालीने चाललं, तरी त्या आल्या. मग तिसरं बसलं, त्याच्या आधाराने दुसरं बसलं, दुसऱ्याच्या आधाराने पहिलं. पडद्यावर शेवटी ‘सगळं नीट’ अशा अर्थाची ओळ उमटली. ओस्मारने चिपा उचलली, प्रोग्राम चालवला, आणि घास तोंडातच राहिला. मॉड्यूल सापडत नाही, असं प्रोग्राम म्हणत होता.

पुन्हा बसवलं. पुन्हा ‘सगळं नीट’, पुन्हा ‘सापडत नाही’. दुपार झाली. अंगणातल्या एका म्हाताऱ्या गायकाने विचारलं, की यंत्र खोटं बोलतंय की पोरगा? ओस्मार कंटाळून म्हणाला, यंदा जुनेच विलाप गाऊ, नवा पुढच्या वर्षी. एलादिया भट्टीची राख ओढायला म्हणून उठली आणि दारात उभी राहिली. याच दारात गायचं कबूल केलं होतं. देवाला तिने काय सांगितलं ते देव जाणे. परत येऊन मात्र खुर्ची ओढून बसली.

“मामा म्हणायचे, तक्रार तर सगळेच वाचतात. ‘सगळं नीट’ म्हणतं तेही वाचावं. पडद्यावर मागे जा. मला वाचून दाखव.”

“त्यात काय वाचायचं? बसवलं म्हणतंय.”

“कुठे बसवलं म्हणतंय?”

ओस्मार जपमाळ ओढल्यासारखा एकसुरात वाचू लागला. अमुक फाईल ठेवली, एलादियाच्या घरात, ‘कराई’मध्ये. तमुक फाईल ठेवली, ‘कराई’मध्ये.

“थांब,” ती म्हणाली. “कराई कोण?”

“म्हणजे?”

“नुसतं कराई कोण म्हणतं रे? पुढे नाव नको?”

ओस्मारने संगणकातल्या त्या ‘घरा’तल्या फोल्डरांची यादी उघडली. एकाखाली एक दोन होते. एक ‘कराई सिल्वेस्त्रे’, दुसरा नुसता ‘कराई’. सकाळी हा दुसरा नव्हता. तो कपाळाला हात लावून हसायला लागला. त्याने विचारलं, पहिल्या फोल्डरला हे नाव दिलं कुणी? कराईंनी स्वतः तर नुसतं ‘सिल’ ठेवलं होतं.

“मी दिलं. ते गेल्यावर नुसतं ‘सिल’ लिहायला हात धजेना.”

मग उलगडा झाला. मॉड्यूलं कुठे ठेवायची, तो पत्ता ओस्मारने ‘कराई सिल्वेस्त्रे’ असाच लिहिला होता. बसवणाऱ्या कमांडला दोन शब्दांमध्ये मोकळी जागा दिसली, की तिच्या लेखी नाव संपलं. तिने ‘कराई’पर्यंत ऐकलं, तिथे नवं घर बांधलं आणि सगळं सामान तिथे रचलं. प्रोग्राम मात्र पूर्ण नावाच्या घरी शोधत बसला. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत होते.

“आपण आदर ठेवला,” एलादिया म्हणाली, “पण मध्ये अंतरही ठेवलं.”

ओस्मार म्हणाला सोपं आहे, नावातलं ‘कराई’ काढून टाकू. तिने डोळे वटारले. “माझ्या घरात मामांना नुसत्या नावाने हाक? जोडून लिही की.”

त्याने मधली जागा मिटवली, दोन्ही शब्द एक केले, उपरा फोल्डर काढून टाकला आणि सगळं पुन्हा बसवायला घेतलं. या वेळी प्रत्येक ओळ ती त्याच्याबरोबर वाचत होती. प्रिंटर खरखरला. पहिला कागद बाहेर आला, तेव्हा अंगणातला म्हातारा न बोलावता आत आला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि आपली ओळ हळूच गुणगुणू लागला. चिपा थंड झाल्या होत्या. कुणी तक्रार केली नाही.

गुड फ्रायडेला सांजावताना मंडळी त्या दारात उभी राहिली आणि विलाप उचलला. पहिली ओळ एलादियाची होती. मामांनी तिथे सूर लांबवायची खूण केली होती, तिने तो श्वास पुरेतोवर लांबवला, आणि मग बाकीचे गळे येऊन मिळाले.

तर बाबांनो, एवढी माझी विनंती. आज दिवा लावाल तेव्हा आमच्या त्या गाणाऱ्या माणसाची आठवण करा. आणि नाव घ्याल ते पुरं घ्या, एका श्वासात, मध्ये न थांबता: कराईसिल्वेस्त्रे.